निळ्या रंगाच्या खाली

मी घरातून निघाले तेव्हा बा ओटीवर काथ्याची दोरी वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही. आय आतून भाकरीचं फडकं घेऊन आली, ते माझ्या पिशवीत कोंबलं आणि परत चुलीपाशी जाऊन बसली. दारात माझा थोरला भाऊ, दादा, दोन्ही हात चौकटीला लावून उभा होता, जणू माझ्यामागून घरच पळून जाणार होतं.

"जातंस त जा," तो म्हणाला. "पन ध्यानात ठेव सुमे, तुज्यासाठी पाट उतरणार नाय."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आळीतल्या बायका अजून त्याची आठवण काढतात असं ऐकते. मग मी किन्हवलीच्या स्टँडपर्यंत तणतणत चालत गेले आणि शहापूरची एस्टी पकडली. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती, भाताची झोडणी आटपून खळी रिकामी झाली होती. आसनगावला जानू माझी वाट बघत उभा होता. आम्ही टिटवाळ्याला देवळात हार घातले.

जानू गावाबाहेरच्या वाडीतला. त्याची माणसं आमच्या शेतावर लावणीला यायची, आमच्या ओटीच्या खाली उभी राहून च्या प्यायची. त्यांच्यातल्या मुलाशी मी लग्न करते म्हटल्यावर घरात काय झालं असेल, ते तुम्ही सगळे तिकडचेच आहात, तुम्हाला सांगायला नको.

पाटांचं मात्र सांगायला हवं. आमच्या घराचे दोन सागवानी पाट आहेत, एक थोडा मोठा, नवऱ्याचा, एक नवरीचा. एरवी माळ्यावर असतात. घरात लग्न निघालं की उतरतात, आणि ज्याच्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न त्या बापाने स्वतःच्या हाताने त्यांना एक हात रंग द्यायचा. आधीच्यापेक्षा वेगळा रंग. जुना रंग काढायचा नाही, त्याच्यावरच मारायचा. आय म्हणायची, "खरवडायचा नसतो गो. खरवडला त घरातली लगनं खरवडली." पणजोबांच्या काळचा गेरू सगळ्यात खाली, त्यावर कुणाकुणाचे रंग, आणि मी निघाले तेव्हा वर दादाच्या लग्नाचा शेंदरी होता.

बा शेतीची कामं संपली की भातसानगरच्या धरणाच्या कॉलनीत क्वार्टर्स रंगवायला रोजंदारीवर जायचा. खिडक्या-दारांना तिथे एक हिरवा असायचा. मळका, थंड, कुणालाही न आवडणारा. डब्याच्या तळाशी उरलेला तो घरी आणायचा, म्हणून आमच्या गोठ्याचं दारसुद्धा सरकारी हिरवं होतं. लहानपणी मी त्याला सांगून ठेवलं होतं की माझ्या लग्नाच्या पाटाला रोपाचा रंग पाहिजे, भाताचं रोप वीतभर झाल्यावर असतो तो. बा म्हणाला होता, "तो डब्यात नाय मिलत. काढाया लागल. काढीन."

तो रंग त्याने काढला नाही, ओटीवरून मान वर केली नाही, आणि मला बिनपाटाची केली, हा माझा राग होता. दादावर होता त्यापेक्षा बावर जास्त होता. दादाकडून मला काही अपेक्षाच नव्हती.

जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या गल्लीत जानूला पॉलिशचं काम मिळालं. पारशांच्या, ख्रिश्चनांच्या घरांतून निघालेली कपाटं, आरामखुर्च्या, आरशाची टेबलं तिथे यायची. जानूचा हात चांगला, पण तोंड नाही. गिऱ्हाईक जेवढं म्हणेल तेवढ्याला हो म्हणायचा. वर्षभर ते बघितल्यावर मी त्याला म्हटलं, तू रंग मार, भाव मी करते. त्या दिवसापासून आमचं चाललं. मी गिऱ्हाइकाला जा म्हणून सांगू शकते. त्यातली बरीच माणसं कोपऱ्यावरून परत येतात.

दोन हजार सालाच्या आसपास हवा बदलली. लोकांना पॉलिश नको, रंग पाहिजे झाला. आणि रंगही नवा दिसलेला चालेना. आम्ही दोन-तीन रंगांचे हात द्यायचो, मग कडा आणि मुठीजवळचा भाग पॉलिश पेपरने घासून खालचे रंग थोडे थोडे बाहेर काढायचो, म्हणजे शंभर वर्षं वापरल्यासारखं दिसतं. आय अधूनमधून फोन करायची. तिला हे कळलं तेव्हा ती किंचाळली, "लोकांची लगनं खरवडून खातंस व्हय गो!"

एक बाई यायच्या, घरं सजवून देण्याचा त्यांचा धंदा. त्यांच्याकडे परदेशी रंगांचं एक कार्ड होतं आणि प्रत्येक रंगाखाली बारीक अक्षरात गोष्ट. हा निळा ग्रीसच्या बेटावरच्या दारांचा, हा करडा फ्रान्सच्या कुठल्या राणीच्या खोलीचा, हा पिवळा काही चित्रकार एका शेतावरच्या घरात एकत्र राहायचे, त्यांनी रंगवलेल्या खुर्च्यांचा. त्या वाचून दाखवायच्या आणि त्यांच्याबरोबर आलेल्या घरमालकिणीचे डोळे मोठे व्हायचे. मी लगेच ओळखलं. रंग तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. ही माणसं गोष्ट घ्यायला येतात.

मग मीही गोष्टी जमवायला लागले. खोट्या नाहीत. खोटी गोष्ट एकदा विकते, खरी पुन्हा पुन्हा. सुट्टीच्या दिवशी जानूला घेऊन मी फोर्टातल्या म्युझियममध्ये जायचे. जुन्या छोट्या चित्रांसमोर उभी राहायचे. राजा कोण हे मी कधी वाचलं नाही, तो ज्याच्यावर बसलाय त्या आसनाचा रंग बघायचे. तिथे भेटलेल्या एका म्हाताऱ्या चित्रकलेच्या मास्तरांना मी इतके प्रश्न विचारले, की पुढच्या वेळी ते मला बघून खांबाआड गेले. मी तिथेही गाठलं. त्यांच्याकडून कळलं की तांब्यावर चढणारा हिरवा गंज खरवडून जंगाल नावाचा रंग करायचे. हिंगूळ नावाचा दगड कुटून पोथ्यांमधला लाल करायचे. सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांत प्रत्येक संचाची जमीन, म्हणजे चित्रामागची जागा, वेगळ्या रंगाची असते, आणि तेच रंग तिथल्या लाखेच्या चौरंगांवर उतरले. पोथीत अक्षर चुकलं तर त्याच्यावर पिवळी हरताळ फासून ते झाकायचे आणि वर नव्याने लिहायचे.

हे सगळे रंग मी आमच्या डब्यांतून जुळवले. तयार ऑइलपेंट, पिवडीची पिवळी माती, नीळ, काजळी असं काय काय मिसळून. विष असलेले जुने खडे आम्ही वापरत नव्हतो, फक्त त्यांचा चेहरा उतरवायचो. गंजिफा तांबडा चालला. पोथी पिवळा तर मुंबईतल्या किती जेवणाच्या खोल्यांत गेला असेल. जानूच्या आयने वाडीतल्या लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र काढलेलं मी बघितलं होतं, त्यावरून केलेलं गेरूचं कपाट आणि त्याची बारीक पांढरी किनार, ते सगळ्यात महाग. जानूची आय हसून म्हणाली होती, "आमच्या भिंतीचा रंग तुमचे शेट लोक कपाटाला लावतान?"

एकच रंग मला जमला नाही. रोपाचा. दरवर्षी एकदा तरी बसायचे. पिवळा घ्यायचे, चांगल्यातला चांगला हिरवा घ्यायचे, आणि होणारा रंग मिठाईवरच्या पिस्त्यासारखा गोड व्हायचा. जानू लांबून बघून म्हणायचा, "ह्यो नाय." मला माहीत असायचंच. मी डबा त्याच्या अंगावर ढकलायचे.

मधल्या काळात बा गेला. मी गेले, बायकांत बसले, दादाशी बोलले नाही, परत आले. मग धाकट्या भावाचं, नारूचं लग्न झालं. बा नव्हता म्हणून पाटांना दादाने निळा मारला, असं आयने सांगितलं. मला बोलावणं होतं. मी गेले नाही. ज्या पाटांवर माझा रंग नाही ते बघायला कशाला जायचं?

असं होतं, आणि मग एके दिवशी दादाची मुलगी वर्षा टेम्पोतून दुकानासमोर उतरली. ती ठाण्यात नोकरी करत होती, अधूनमधून यायची. तिचं लग्न ठरलेलं. तिच्याबरोबर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर ते दोन पाट.

"आत्या, ह्यांना तो जुना-जुना लुक दे ना, कडा घासलेल्या. तू लोकांना देतेस तसा. फोटोत मस्त येईल."

"दादाला ठाऊक आहे?"

"रंग जुळवायला नेते, एवढंच म्हटलं. कुठे ते नाही सांगितलं. घासायचंही नाही सांगितलं."

मी तिला चार शब्द सुनावले. पाट घासायचे नसतात हे घरातल्या मुलीला माहीत नसावं याचा मला खराच राग आला, आणि ज्या घराने मला पाट दिला नाही त्याच्या रीतीसाठी मी भांडते आहे याचाही आला. ती घाबरून निघून गेली. पाट दुकानात राहिले.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी नवरीचा पाट उलटा मांडीवर घेतला. आमच्या धंद्यात जुन्या लाकडावर किती रंग आहेत ते बघायचं असेल तर एका लपलेल्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढी जागा घासतात. एकेक रंग थोडा मागे ठेवत खाली जायचं, म्हणजे रंगांची पायरी दिसते. मला काय बघायचं होतं? दादाचा शेंदरी आणि त्याला चिकटून नारूचा निळा. मधे काही नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी. तेवढं बघितलं असतं तर माझा राग पक्का झाला असता, त्याला पुरावा मिळाला असता.

जानू म्हणाला, "नको करू. आय काय बोलंल?"

मी केलं. निळा गेला. आणि खाली शेंदरी आला नाही.

पातळ हात होता, घाईत मारलेला, ब्रशचे केस तसेच राहिलेले. पिवळा-हिरवा. मी दिव्याखाली नेला, थुंकी लावून पुसला. रोपाचा रंग. गोड नाही, कच्चा, अंगात थोडी माती असलेला. मी इतकी वर्षं चांगल्यातला हिरवा शोधत होते. बाने भातसानगरच्या खिडक्यांचा तो मळका सरकारी हिरवा घेतला होता आणि त्यात पिवडी घातली होती. त्याच्या खाली मग शेंदरी.

जानू दुसऱ्या पाटाकडे बघत होता, नवऱ्याच्या. हात लावत नव्हता. आमच्या ओटीखाली उभा राहायचा तसाच उभा होता. शेवटी म्हणाला, "मुलीचाच मारला असंल. माजा कशाला मारंल?"

"बघ ना मग," मी म्हटलं.

"तू बघ."

मी बघितलं. त्यावरही होता. उलट तो हात जरा नीट मारलेला होता, कडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी दोन्ही पाट दुकानाच्या मधोमध मांडले आणि जानूला म्हटलं, बस. तो हसला. मग माझा चेहरा बघून बसला. आम्ही शेजारी शेजारी बसलो, दोघांचे गुडघे दुखणारे, आजूबाजूला लोकांची कपाटं. समोरच्या टपरीवाल्याने चहा आणून दिला, आणि काय चाललंय म्हणून न विचारता गेला.

तेवढ्यात दारात दादा. वर्षाने घरी जाऊन लुकचं सांगितलं होतं, तो मिळेल त्या गाडीने पाट वाचवायला आला होता. माझ्या दुकानात पहिल्यांदाच. घामाघूम. "खरवडलंस का गो?" असं ओरडतच आत आला आणि आम्हाला बघून थांबला.

मी उठायला लागले.

"उठू नको," तो म्हणाला. "बसलीस त बस. च्या पिऊन घे."

तो स्टुलावर बसला. चहा संपल्यावर मी पाट उलटा करून त्याला कोपरा दाखवला. त्याने पाट हातात घेऊन बघितला.

"ठाव होतं तुला?" मी विचारलं.

"तू गेलीस त्याच दिवशी बा माल्यावर चढला व्हता. रंगाचा वास आला खाली." त्याने पाट सरळ केला. "मी इचारला नाय. त्यानं सांगितला नाय. नारूच्या लग्नात निळा माराया घेतला तवा दिसला."

"मग मला सांगायचं होतंस."

"तू ऐकत व्हतीस कदी?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं लांब. पण जानू हसायला लागला आणि ते राहिलं.

वर्षाच्या रंगाचा सौदा मी केला. दादाला शेंदरीच पाहिजे होता, वर्षाला फोनवर विचारलं तर ती म्हणाली गुलाबी. मी म्हटलं, हात तुझा, रंग माझा, नाहीतर पाट इथून हलणार नाहीत. त्याला पोथी पिवळा दिला. हळदीचा दिसतो, शुभ आहे, एवढंच सांगितलं. चुकलेल्या अक्षरावर तो का फासायचे ती गोष्ट मी त्याला सांगितली नाही. त्याने तो रंग माझ्या दुकानात बसून मारला, वाईट मारला, एका कोपऱ्यात ओघळ आला. मी तो ओघळ पुसला नाही. खालचे नखाएवढे दोन कोपरे मात्र त्याला रंगवू दिले नाहीत, आणि त्यानेही रंगवतो म्हटलं नाही.

तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून आले ते मला कधी कधी विचारतात, गावाकडे घर राहिलं का तुझं? घर दादाचं आहे. जमीन त्याची आणि नारूची. दादावरचा राग अजून आहे, तो काही मी फुकट सोडणार नाही. पण तिकडे लग्न निघालं की मी आणि जानू जातो, ओटीवर बसतो. पाट उतरतात. मांडवात ठेवायच्या आधी मी नवरीचा पाट उलटा करते आणि त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवते. दुसरा पाट हातात धरून दादा शेजारी उभा राहतो, माझं होईपर्यंत, आणि मग तो पाट मांडवात न्यायला जानूकडे देतो.