ओव्यांत लिहिलेली काकी

गावावरची कादंबरी मी ओव्यांत लिहायला घेतली, तेव्हा कणकवलीच्या ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. गद्यात दोनदा सुरुवात करून पाहिली होती, पण प्रत्येक पान अहवालासारखं व्हायचं. ओवीत मात्र माझ्या काकीचं बोलणं आपसूक बसायला लागलं.

गोष्ट तिचीच होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत काका बोटीवर नोकरीला गेला आणि पुढे मुंबईत दुसरं घर करून राहिला. काकीला सगळ्यांनी माहेरी जायला सांगितलं. ती गेली नाही. देवगडकडच्या आमच्या गावात भातशेती करत तिने एकटीने मुलगी वाढवली.

कादंबरी पुरी झाल्यावर एका रविवारी मी ती काकीला वाचून दाखवली. खळ्यात आमसुलं उन्हात घालत ती ऐकत होती, मधूनच हसतही होती. शेवटी मी काकाला म्हातारपणी परत आणला होता. तिथे तिचा हात थांबला.

"तेका कित्याक हाडलंस?"

"वाचणाऱ्यांका बरा वाटता, काकी."

"तो इल्लो एकदा. पण असो नाय."

मग तिने सांगितलं. लावणीचे दिवस होते. ती चिखलात एकटीच होती. काका शेताच्या मेरेवर, बांधावर, येऊन उभा राहिला. तिने पाहिलं आणि पुन्हा वाकून तरवा, भाताची रोपं, लावायला लागली. बराच वेळ थांबून तो निघून गेला.

"मगे तू वर कित्याक येवक नाय?" मी विचारलं.

"तरवो उपटून ठेवललो. सुकलो असतो." मग आमसुलं परतत म्हणाली, "आणि वर येवन बोलतलंय काय?"

शेवट बदलू का, विचारल्यावर ती म्हणाली, "बदल. पण चेडवाक ह्या ठावक नाय. ता इला काय तूच वाचून दाखय. माका सांगूक जमाचा नाय."

तिची लेक कुणकेश्वरला दिलेली. ती माहेरी आली तेव्हा दोघींना समोर बसवून मी नवा शेवट वाचला.

मेरेवर उभा राहिला
तिने वळून पाहिला
हातचा तरवा लाविला
पुन्हा वाकून

लेक आईकडे वळली.

"आये, तो इल्लो?"

"इल्लो. तू शाळेत होतंस."

"माका इचारल्यान?"

काकी म्हणाली, "नाय."

लेक उठून न्हाणीकडे गेली, तोंड धुऊन आली आणि मला म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "छापूचा तर छाप. पण माका पण घाल तेच्यात." तिला लावणीच्या दिवसांतली एक संध्याकाळ आठवत होती. सण नसताना आईने घावणे आणि नारळाचा रस केला होता, आणि तिला बाजूला बसवून स्वतःच्या हाताने भरवलं होतं. ती त्याच दिवशीची असणार, असं तिचं म्हणणं. मी तशी ओवी घातली.

पुस्तक निघालं. काकी अजून म्हणते, त्या दिवशी घावणे केलेच नव्हते, दमून पेज पिऊन झोपलो. लेक म्हणते, केले होते. ओवी आहे तशीच आहे.