साडीचा कागद

माझी आई, रोहिणी मोकल, पेणच्या कोर्टात वकिली करते. तालुक्यात तिला नावानं फारसं कुणी ओळखत नाही, नुसतं ‘वकीलबाई’ म्हटलं की पुरतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी ही बाई कोर्टात मात्र कागदावरचा एक काना सुटला तरी पकडते. लोक म्हणतील, मुलगी आहे, कौतुक करणारच. करणार आहे. मी नाही करणार तर कोण करणार?

आमच्याकडे बाप गेला की बहिणींकडून हक्कसोड घेतात. जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं भावाला सोडला, असं बहिणीनं लिहून द्यायचं. त्या दिवशी भाऊ तिला पेणला आणतो, हॉटेलात जेवू घालतो आणि साडी घेतो. म्हणून बायका त्याला ‘साडीचा कागद’ म्हणतात. राजीखुशीचं म्हणाल तर ती कुणी विचारलेली नसते. मला या प्रकाराची चीड येते. आईला येत असेल तर ती दाखवत नाही. तिनं फक्त एक रीत धरली आहे.

असा कागद करायला माणसं आली की ती भावाला म्हणते, “तुम्ही जरा चहा घेऊन या.” भाऊ गेला की दार लोटते आणि बाईला विचारते, “हा कागद कसला, तुझ्या शब्दांत सांग. आणि कुणाच्या धाकानं सही करतेस का गो?” कोर्टासमोरचा चहावाला मोरू अशी गिऱ्हाइकं लांबून ओळखतो. “वकीलबाईनी बाहेर काढलं वाटतं,” म्हणत बाकडं पुसून देतो.

एकदा गडब गावची गोदूबाई आईला म्हणाली, “सही नाय केली त भाऊ माझ्या दारात यायचा नाय.”

“मग काय करायचं?”

“सही करते. मला भाऊ पायजे.”

आईनं कागद केला. सही करू नकोस, असं तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आपण विचारायला बसलोय, शिकवायला नाही, असं ती म्हणते. पण तेवढ्यानंही पुष्कळ भाऊ दुसऱ्या वकिलांचं दार धरतात. जे हिच्याकडे येतात त्यांच्या कागदावर मात्र पुढे कुणी बोट ठेवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आईचा धाकटा भाऊ, सुशीलमामा, रोह्याहून आला. आजी आधीच गेली होती, आजोबांना जाऊनही वर्ष झालं होतं. गावच्या जमिनीवर त्याला पोल्ट्री काढायची होती आणि त्यासाठी सातबाऱ्यावर एकच नाव हवं होतं. बरोबर सरूमावशीला, म्हणजे माझ्या आईच्या बहिणीला, आणलं होतं. पिशवीत दोन साड्या होत्या. शाळेला सुट्टी म्हणून मीही ऑफिसात आईच्या फायली लावत बसले होते.

“करून टाकू,” आई लगेच म्हणाली. मग तिनं सख्ख्या भावालाही चहाला पाठवलं. मामा हसतच गेला. मावशीला तिनं नेहमीचं विचारलं. मावशी म्हणाली, “माझा संसार उरणला, ताई. मला ती जमीन काय करायचीय? सुशील नांदू दे.” ती मनापासून बोलत होती, शंकाच नको. तिनं सही केली.

मग आईनं स्वतःच्या नावापुढे पेन टेकवलं. माझ्यानं राहवलं नाही.

“थांब. तुला कुणी विचारलं?”

“मला काय विचारायचंय? मी वकील आहे.”

“म्हणूनच.”

आईनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं उठून पक्षकाराची खुर्ची मोकळी करून दिली. आई हसत हसत तिच्यात बसली. मी विचारलं, “हा कागद कसला?” तिनं कायद्यासकट घडाघडा सांगितलं. “कुणाच्या धाकानं सही करतेस का?”

आई चष्मा काढून पुसत बसली. मग म्हणाली, “व्हय.”

एरवी कोर्टात छापील मराठी बोलणारी ही बाई त्या खुर्चीत माहेरची भाषा बोलायला लागली. “लोकांच्या धाकानं. इतक्या बायांना विचारत आली आणि शेवटी सवताच भावाच्या जमिनीला हात घातला, म्हणतील. माझं नाव जाईल. पण मला तो ओढ्याकडचा तुकडा हवाय गो. आईनं मला तिथं वाल पेरायला शिकवलं.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

मामा परत आला तेव्हा तिनं आडपडदा ठेवला नाही. “सुशील, सरूनं सोडलं, मी सोडत नाय. ओढ्याकडचा तुकडा माझा. बाकी सगळं तुझं, तसा कागद करते.”

मामाचा चेहरा पडला. “ताई, गावात तुझं नाव घेतात, आणि तू असं करतेस?” तो साड्या टेबलावर ठेवून निघून गेला. पुढे कागद झाला, पोल्ट्रीही ओढ्यापासून लांब उभी राहिली, पण मामाचा फोन येईना. दिवाळीत भाऊबीजेला आई ओवाळणीचं ताट घेऊन बसून राहिली. आपण भाऊ गमावला, असं ती त्या दिवशी मला स्पष्ट म्हणाली.

भात कापून झाला आणि एका सकाळी मामाचा फोन आला. ना विचारपूस, ना काही. “ताई, तुझ्या शेतातली ओल चाललीय. उद्या वाल पेरायला येतेस की नाय?”

दुसऱ्या दिवशी तिची सुनावणी होती. तिच्याबरोबर रोह्याला जायचं म्हणून मी सकाळीच कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. आई तारीख मागायला उभी राहिली. शेजारचे वकील हळूच म्हणाले, “तब्येतीचं कारण द्या.” आईनं ऐकलं नाही.

“साहेब, पुढची तारीख मिळावी. शेतात वाल पेरायला जायचंय.”

कोर्टात हसू पसरलं. जजसाहेबांनी मान वर केली. “कुणाच्या शेतात, वकीलबाई?”

“माझ्या,” आई म्हणाली.