एकसारखे दिसणारे दोन श

स्मारांदा वेलनिकने जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात एकोणीस वर्षं नावं जुळवली. त्याआधी ती शाळेत गणित शिकवायची. आईबाप इटलीला नाहीतर स्पेनला निघाले, त्यांच्यामागे मुलंही गेली आणि वर्ग रिकामे पडले. शाळा बंद झाली तेव्हा कार्यालयाला कॉम्प्युटरवर काम करणारं माणूस हवं होतं. तिने दोन जाडजूड पुस्तकं आणली आणि एका हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं.

मजकुराची कामं तिला आवडायची. कडेच्या मोकळ्या जागा छाटणं, मोठी अक्षरं लहान करणं, मजकूर स्वल्पविरामापाशी तोडणं, पुन्हा जोडणं, यासाठी प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत मिळणाऱ्या तयार संचात, स्टँडर्ड लायब्ररीतच, आयती फंक्शनं होती. ती तिला स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखी पाठ होती. हात घातला की नेमकं सापडे.

दर नोव्हेंबरात एक मोठं काम असे. खेड्यापाड्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं कार्यालयाच्या यादीत असत. आठवड्यातून एकदा मदतनीस बाई त्यांच्याकडे जाऊन लाकडं आत आणून द्यायची, चूल पेटवायची, सूप ठेवायची, माणूस बरं आहे ना ते बघायची. हिवाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या कचेऱ्या ताजी यादी पाठवत. स्मारांदाचा प्रोग्रॅम जुनी यादी आणि ताजी यादी ताडून बघे. दोन्हीकडे असलेलं नाव चालू राही. फक्त जुनीत असेल ते गळे, कारण माणूस वारलं किंवा मुलांकडे गेलं असं धरलं जाई. फक्त ताजीत असेल तो नवा अर्जदार, त्याची चौकशी सवडीने.

तिच्या टेबलासमोर बसणाऱ्या युलियानने एकदा सुचवलं होतं, "बाई, अक्षरांखालच्या-वरच्या खुणा सरळ उडवून टाका आणि मग ताडा. निम्मी भांडणं मिटतील."

"नावं आहेत ती," ती म्हणाली होती. "खुणा उडवल्या की दोन वेगळी माणसं एक होतात. पाना आणि पाने या आडनावांच्या दोघांची कागदपत्रं मागच्या साली कुणी एकत्र केली होती?"

"मीच," युलियान म्हणाला आणि पुन्हा कीबोर्डकडे वळला.

तिने खुणा ठेवल्या. लायब्ररीत युनिकोडची, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या अक्षर-क्रमांकांची, रूपं सारखी करणारं फंक्शन होतं, ते लावलं, अक्षरं लहान केली, जागा छाटल्या. तेवढं पुरेसं आहे असं तिला वाटलं, आणि बाकीच्या वर्षांत ते पुरलंही.

त्या जानेवारीत पोयाना कोर्बुलुई गावात तोआदेर शुश्निया नावाचा एक म्हातारा आपल्या घरात मेलेला सापडला. पोस्टमनने पेटीत साचलेली पत्रं बघून दार ढकललं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, आठ-नऊ दिवस झाले असावेत. चूल गार होती. लाकडं बाहेर छपराखाली नीट रचलेली होती.

त्या भागातली मदतनीस पारास्किवा दुसऱ्या दिवशी कार्यालयात आली. बूट दारात आपटून बर्फ झाडला आणि सरळ स्मारांदाच्या टेबलापाशी उभी राहिली.

"मला नोव्हेंबरात यादी दिली तेव्हा तोआदेरकाकांचं नाव नव्हतं," ती म्हणाली. "मी इथे विचारलं. म्हणाले, नाही म्हणजे नाही. मला वाटलं बहिणीकडे गेले. मी त्यांच्या दारावरून जात होते, बाई. दर गुरुवारी."

"बस," स्मारांदा म्हणाली.

"मला नाही बसायचं. नाव का नव्हतं ते सांगा."

पारास्किवा गेल्यावर स्मारांदाने दोन्ही याद्या उघडल्या. तोआदेर शुश्निया जुन्या यादीत होता. ताज्या यादीतही होता. प्रोग्रॅमने जुन्यातून त्याला गाळलं होतं आणि नव्या अर्जदारांत टाकलं होतं. ती चौकशी अजून कुणी केली नव्हती.

तिने दोन्ही नावं एकाखाली एक ठेवली. डोळ्यांना काही फरक दिसेना. समान आहेत का विचारलं, उत्तर आलं, नाहीत. लांबी मोजली. मधली मोकळी जागा धरून दोन्हीकडे तेरा. मग तिने एकेका अक्षराचा क्रमांक काढला. जुन्या यादीतल्या श चा क्रमांक होता पाचशे सदतीस. ताज्या यादीतल्या श चा तीनशे एक्कावन्न.

त्यांच्या लिपीत श आणि त्स म्हणजे खाली खूण दिलेले रोमन एस आणि टी. एका श च्या खाली स्वल्पविराम होता आणि दुसऱ्याच्या खाली चिकटलेला, हुकासारखा छोटा आकडा. जुन्या कॉम्प्युटरांवर आकडेवालाच श मिळायचा, खरा श नंतर आला. तीन गावांच्या कचेऱ्यांत अजून ते जुने कॉम्प्युटर होते; कार्यालयाची जुनी यादी मात्र त्याच वर्षी नव्या कॉम्प्युटरवर पुन्हा टाइप झाली होती. लायब्ररीच्या दृष्टीने ही दोन निराळी अक्षरं होती, आणि तिने लावलेलं फंक्शन त्यांना एक करत नाही हे लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं. तिने ते पान वाचलं. युलियानचं ऐकलं असतं तर दोन्ही खुणा गेल्या असत्या आणि नाव जुळलं असतं, हेही तिला कळलं. कळलं म्हणजे नुसतं कळलं.

"तीन गावांतली अशी एक्केचाळीस नावं गळली होती," ती युलियानला म्हणाली. "बाकीच्यांचं काय झालं?"

युलियानने खुर्ची तिच्याकडे वळवली. "चाळीस जणांचे फोन आले. कुणाचा स्वतःचा, कुणाच्या सुनेचा. मी एकेक नाव हाताने घातलं. मला वाटलं, कचेरीवाल्यांनी चुकीचं टाइप केलं असेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"चाळीस फोन होते, बाई. तुम्ही कामात होता."

तोआदेरकडे फोन नव्हता. असता तरी त्याने केला नसता, असं नंतर सगळेच म्हणाले.

तिने दुपारी दुरुस्ती लिहिली. एक छोटा तक्ता, चार ओळींचा. आकडेवाला श दिसला की खरा श, आकडेवाला त्स दिसला की खरा त्स, मोठे आणि लहान दोन्ही. लायब्ररीतलं अक्षरं बदलणारं फंक्शन हा तक्ता घेतं आणि सगळा मजकूर पालटून देतं. लिहायला, तपासायला मिळून वीस मिनिटं लागली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावं जुळली. मग तिने अहवाल लिहिला आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

कार्यालयप्रमुख प्रालेआसाहेबांनी तो वाचून टेबलावर पालथा ठेवला. "तांत्रिक कारण असं लिहा. तुमचं नाव कशाला?"

"तांत्रिक कारण म्हणजे मीच लिहिलेला प्रोग्रॅम, साहेब. नोव्हेंबरात मीच चालवला."

"स्मारांदाबाई, माणूस शहाऐंशीचा होता."

"हो."

"घरी जा. दोन दिवस आराम करा."

ती घरी गेली. मुलीचा इटलीहून फोन आला तेव्हा तिने हवेबद्दल सांगितलं. दोन दिवस तिने कपाटं पुसली. झोप नीट लागत होती, याचंच तिला चमत्कारिक वाटलं. अहवाल पुढे गेला तेव्हा त्यात तांत्रिक कारण एवढंच होतं. नाव कुणाचंच नव्हतं.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला ती पारास्किवाबरोबर पोयाना कोर्बुलुईला गेली. चर्चमध्ये नऊ माणसं होती. उकडलेल्या गव्हाचं गोड ताट पुढे होतं, त्यावर अक्रोड आणि मेणबत्ती. नंतर तोआदेरच्या बहिणीने, ग्लिकेरियाने, सगळ्यांना घरी नेलं. ती एक्क्याऐंशीची होती, पाठीत वाकलेली. पाहुणे पांगल्यावर स्मारांदा तिच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, तुमच्या भावाचं नाव माझ्यामुळे यादीतून गेलं."

"तू कोण?"

"कार्यालयात कॉम्प्युटरवर असते. दोन प्रकारचे श असतात. मशीनला ते वेगळे दिसले. मी ते बघायला हवं होतं."

ग्लिकेरियाने मान वर करून विचारलं, "अक्षरामुळे?"

"हो."

"तो कसला हट्टी. पारास्किवालासुद्धा लाकडं उचलू द्यायचा नाही." तिने मांडीवरचे गव्हाचे दाणे वेचून बशीत ठेवले. "नाताळात मी जाणार होते त्याच्याकडे. बर्फाने रस्ता बंद होता, असं सांगते मी सगळ्यांना."

तिने बशी स्मारांदापुढे सरकवली.

"रस्ता मोकळा होता," ग्लिकेरिया म्हणाली. "मला कंटाळा आला होता. खा तू. संपव ते."

स्मारांदाने बशीतलं संपवलं. गोड लागलं. परतीच्या वाटेवर पारास्किवाने गाडीतला हीटर वाढवला आणि विचारलं, "काय म्हणाली?"

"खा म्हणाली."

मार्चमध्ये स्मारांदाने साहेबांना अर्ज दिला, गुरुवारी मला पारास्किवाबरोबर फिरतीवर पाठवा. साहेबांनी काही न विचारता सही केली. युलियानने तिचे गुरुवारचे फोन घ्यायचं कबूल केलं, आणि कुठलंही नाव हाताने घालावं लागलं तर तो आता तिला सांगतो. कामात तेवढा फरक पडला.

फिरतीवर तिला फार काही वाटतं असं नाही. ती लाकडं उचलते, राख काढते, औषधांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवते. एखाद्या घरात तास-तासभर बसते. दुःख येईल म्हणून तिने वाट बघितली होती, ते अजून यायचं आहे. परवाच्या गुरुवारी एका आजीबाईंच्या घरात ती दोन्ही हातांत लाकडं घेऊन शिरली, तेव्हा आजीबाई पलंगावरूनच ओरडल्या, "दार लाव गं, तुझ्या घरी दार नाही का?" तिने लाकडं खाली ठेवली, मागे वळली आणि दार लावलं.