धुळे–एरंडोल, मार्गे फ्रान्स

आमच्या सबंध खानदानात फ्रान्समध्ये सायकल चालवलेला मी एकटाच आहे. फक्त मी चालवली तेव्हा फ्रान्स पारोळ्याच्या थोडा अलीकडे होता.

त्याचं असं झालं. मी तेव्हा धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, गल्लीत दोन घरी नुकताच टीव्ही आला होता (त्यातलं एकही घर आमचं नव्हतं), आणि रद्दीच्या दुकानात नकाशे धुंडाळणं हा माझा रविवारचा उद्योग होता. अशाच एका रविवारी एक इंग्रजी पुस्तिका हाती लागली. फ्रान्समधल्या सायकल सहलींची! कुठल्या जंगलातून जायचं, कुठल्या तळ्याकाठी डबा उघडायचा, कुठल्या खेड्यात मुक्काम करायचा, सगळं नकाशासकट. शेवटच्या पानावर मागच्या कॅरिअरवर काय काय बांधावं याची यादी होती. आणि मुखपृष्ठावर एक जोडपं. आपापल्या सायकलवर, डोक्यावर झाडांची कमान, बाजूला तळं.

मी ते चित्र सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"आपण असं जायचं," मी म्हणालो.

तिने चित्र नीट पाहिलं. "या बाईला घाम आलेला नाही."

"थंड देश आहे तो."

"मग आपण कुठे जायचं?"

"पद्मालयाला. जंगल आहे, तळं आहे, शेतं आहेत. अजून काय पाहिजे?"

पद्मालय तिच्या माहेराजवळ. एरंडोलपासून थोडं आत, झाडीत, कमळांचं तळं आणि काठावर गणपतीचं देऊळ. माझ्या मते फ्रान्सच्या तोडीस तोड. फक्त त्यावर कोणी पुस्तिका छापली नव्हती.

"तुम्ही गेल्या महिन्यात पांझरा नदीच्या पुलावरून सायकल हातात धरून चालला होतात," सुनंदा म्हणाली. "मी रिक्षातून बघितलं."

"चढ होता."

"पुलाला?"

भूगोलाच्या मास्तराची चूक भूगोलातच निघाली. मी इरेला पेटलो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी जातात, झोके घेतात, आणि सण उरकला की जावई त्यांना घ्यायला जातो. मी जाहीर केलं की या वर्षी मी तिला घ्यायला सायकलवर येणार. धुळ्यापासून तिच्या दारापर्यंत.

सुनंदाने सूप खाली ठेवलं. "दारापर्यंत सायकलवर आलात, तर मी सायकल शिकेन आणि तुमच्याबरोबर तळ्यावर येईन. नाही आलात, तर या घरात पुन्हा फ्रान्सचं नाव निघायचं नाही."

हा करार झाला. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली.

मी तयारीला लागलो. वडिलांची काळी चोवीस इंची सायकल पुसली. चित्रातल्यासारख्या दोन चौकोनी पिशव्या शिंप्याकडून शिवून घेऊन मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावल्या. पुस्तिकेत लिहिलं होतं, "न्याहारी करून नऊच्या सुमारास निघावे. सकाळचे ऊन अंगाला सुखावते." मी शब्दशः पाळलं. (हे लिहिणारा माणूस मे महिन्यात धुळ्याला आला नसावा, हा विचार मला दहा वाजता आला.) रोज तीस किलोमीटर, असंही त्यात होतं. म्हणून पहिला मुक्काम पारोळ्याला, एका शिक्षक मित्राकडे ठरला.

पहिल्या दहा किलोमीटरमध्ये मला तीन जणांनी थांबवलं. एकाला टोस्ट हवे होते. दुसऱ्याला खारी हवी होती. तिसऱ्याने काही न विचारता पिशवी उघडली, आत माझा बनियन बघितला आणि दुखावल्यासारखा निघून गेला.

बाराच्या सुमाराला एरंडोलकडे जाणारी एसटी माझ्या शेजारी हळू झाली. खिडकीतून एक फेटा बाहेर आला. फेट्याखाली सासुरवाडीचे एक चुलते होते.

"जवाईबापू, काय व्हयनं?"

"काही नाही झालं, काका. तुमच्याकडेच निघालोय."

"गाडी चुकनी का?"

"नाही."

"मंग सायकलवर कसाले?"

तेव्हा माझा चेहरा पिकल्या मिरचीच्या रंगाचा झाला होता, ओठ चिकटले होते, डोक्यावरच्या रुमालातून वाफ निघत होती. त्या अवस्थेत मी हसून म्हणालो, "आनंदासाठी!"

फेटा झटकन आत गेला. एसटी निघून गेली. माझा आनंद माझ्यापेक्षा एक दिवस आधी सासुरवाडीला पोचला.

पुढचं मला सुनंदाकडून कळलं. एसटीत पारोळ्यापर्यंत असं ठरलं की जावयाची नोकरी गेली. पारोळ्याच्या पुढे ठरलं की वडिलांशी भांडून दोन पिशव्या घेऊन तो घर सोडून निघाला. एरंडोलला उतरताना एकमत झालं की ऊन मेंदूत शिरलंय आणि तो हसत हसत रानोमाळ फिरतोय. रात्रभर सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. सुनंदा एकटी सगळ्यांना सांगत होती, "काही झालेलं नाही. ते आधीपासून असेच आहेत."

दुसऱ्या दिवशी पारोळ्याहून निघालो आणि तासाभरात समोरून एक ट्रॅक्टर आला. चालवायला माझा मेहुणा प्रल्हाद. मागच्या ट्रॉलीत माझे सासरे, म्हणजे आबा, चार भाऊबंद, एक गादी, पाण्याचा माठ, ऊन लागल्यावर चोळायला टोपलीभर कांदे आणि दवाखान्यातला कंपाउंडर.

आबा खाली उतरले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. "बसा ट्रॉलीमा."

"आबा, मी ठणठणीत आहे. मला सायकलवरच यायचंय."

"का बरं?"

मी पिशवीतून पुस्तिका काढून चित्र दाखवलं. आबांनी ते बराच वेळ पाहिलं. मग कंपाउंडरला दाखवलं. कंपाउंडरने हळूच माझी नाडी धरली.

"फ्रान्समध्ये सगळे असेच फिरतात," मी म्हणालो.

"त्यासनाकडे ट्रॅक्टर नसतीन," आबा म्हणाले.

मी पाय मारायला सुरुवात केली. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर गादीवर आडवा झाला असता. पण डोळ्यांपुढे सुनंदाची सायकल होती. अजून विकत घेतलेली नव्हती, पण मला तिची घंटासुद्धा ऐकू येत होती. आबांचा नाइलाज झाला. ट्रॅक्टर वळला आणि पहिल्या गिअरमध्ये माझ्या शेजारून येऊ लागला. ट्रॉलीतून दर पाच मिनिटांनी एक हात तांब्या पुढे करायचा, दुसरा हात कांदा दाखवायचा. चढ आला की सहाही जण एका सुरात म्हणायचे, "आते तरी बसा." वाटेत एका गावाने आम्हाला प्रचाराची मिरवणूक समजून मला हार घातला. मी नको म्हणालो, तर तिथला एक म्हातारा कौतुकाने म्हणाला, "गरीब माणूस शे. आपलं मत यालेच."

असा मी एरंडोल ओलांडून सासुरवाडीच्या शिवेपर्यंत आलो. घर तीन-चारशे पावलांवर. तिथे प्रल्हादने ट्रॅक्टर पुढे घेऊन रस्त्यात आडवा लावला आणि आबा माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"जवाईबापू, आतापावत तुमनं ऐकं. आते मनं ऐका. तुमी सायकलवर गावमा शिरनात, तर लोके म्हणतीन, आबानी लगनमा नुसती सायकल दिनी."

आता मी पेचात सापडलो. ट्रॉलीत बसलो तर फ्रान्स गेला. सायकलवर गेलो तर आबांचा मान गेला. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. मी विचारलं, "आबा, पाय तरी मारू द्याल का?"

तोडगा प्रल्हादने काढला. सायकल ट्रॉलीत चढवायची, स्टँडवर लावायची, वर मी बसायचं. मागचं चाक अधांतरी राहतं, पाय मारता येतात. म्हणजे मी सायकलवर, आणि सायकल ट्रॅक्टरवर! आबांनी एकच अट घातली. जावयाचं तोंड मागून येणाऱ्या लोकांना दिसलं पाहिजे. म्हणून सायकलचं तोंड मागे केलं, आणि लोकांना नीट दिसावं म्हणून ट्रॉलीचा मागचा फळका उघडला.

असा मी गावात शिरलो. गळ्यात हार, मागे तोंड, जोरजोरात पाय मारतोय आणि उलट्या दिशेला चाललोय. पोरंठोरं, बायाबापड्या, सगळं गाव मागून येत होतं. मी नमस्कार करत होतो.

आबांच्या दारासमोर छोटासा चढ आहे. ट्रॅक्टरने त्यावर धक्का घेतला. स्टँड सटकला. गरगर फिरणारं मागचं चाक ट्रॉलीच्या पत्र्याला टेकलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच सायकल फ्रान्सच्या वेगाने निघाली. उघड्या फळक्यातून बाहेर, हवेतून, आणि दाराशेजारी रचलेल्या कडब्यात. कडबा सगळीकडे मऊ होता. मी ज्या भागावर उतरलो तिथे नव्हता.

धूळ खाली बसली. सुनंदा दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. मी कडब्यातून विचारलं, "आलो की नाही दारापर्यंत?"

तिने उंबऱ्यापासून सायकलपर्यंतचं अंतर बघितलं. तीन हातही नव्हतं.

"आलात," ती म्हणाली. "थोडं हवेतून आलात, पण सायकलवरच होतात."

माझा ऊर भरून आला. "मग उद्यापासून तुला शिकवतो."

"मला येते."

"कधी शिकलीस?"

"माहेरी आल्यापासून खळ्यात प्रल्हादच्या सायकलवर शिकतेय. तुम्ही येणार नाही याची खात्री होती. पण आलात तर पंचाईत नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही पद्मालयाला गेलो. झाडांची कमान होती, तळं होतं, कमळंही होती. कडब्याच्या कृपेने मला सीटवर बसणं शक्य नव्हतं, म्हणून सुनंदा सायकल चालवत होती आणि मी मागे कॅरिअरवर, सासूबाईंनी दिलेल्या उशीवर, एका बाजूला पाय सोडून बसलो होतो. तिला घाम आलेला नव्हता.

ती पुस्तिका अजून आमच्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर कॅरिअरवर बांधायच्या सामानाची यादी आहे: रेनकोट, नकाशा, पाण्याची बाटली, पंप, चीज. त्याखाली सुनंदाच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलंय: नवरा, एक नग. उशीसकट.