गलाईचा धूर

आमच्या विट्याकडं घरटी एक माणूस गलाईला बाहेर असतो. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. दादा दहावी झाल्या झाल्या मामाबरोबर परमुलखात गेला. दुकान मामाचं, भट्टीवर दादा. चाळिशीच्या आत परत आला तो धाप घेऊनच. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, "अ‍ॅसिडच्या धुरात काम करत होता का?"

मामा बघायला आला. "तंबाखू खाल्ली आसंल," म्हणाला. दादानं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. आईनं त्याच्यापुढं चहा ठेवला. भाऊ तिचा.

माझं सासर गावातच, इथल्याच हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्या मुलींनी धातू-अधातूंचं टेबल मांडलं. दादा घरात बसून विटला होता, म्हणून त्यालाही नेलं. त्यानं तांब्याचा तुकडा ठोकून ठोकून पातळ पत्रा करून दाखवला. गंधकाचा खडा एका टोल्यात भुगा झाला. सिलिकॉनची चकती धातूसारखी चकाकत होती, पण टिचकी बसताच तिचे तुकडे पडले. वीज वाहते का ते बघायला मीटर लावला. तांब्याला काटा टोकाला गेला, गंधकाला हलला नाही, सिलिकॉनला जरासा सरकला. "हा धातुसदृश," मी मुलींना सांगितलं. "थोडे गुण इकडचे, थोडे तिकडचे."

प्रमुख पाहुणा मामाच होता. प्रयोगशाळेला कपाटं त्यानं दिलेली. फेटा बांधून आमच्या टेबलाशी आला, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सोनं शुद्ध कसं करतात?"

मामा खुलला. "तेजाबात, म्हंजी अ‍ॅसिडात टाकायचं. चांदी, तांबं इरघळतं. सोन्याला काय बी हुत न्हाई."

"आन् तांबूस धूर निघतो," दादा म्हणाला. "त्यो कुठं जातो ते बी सांगा की, मामा."

"पंखा हुता की रं."

"तुमच्या गादीवर हुता. भट्टीपाशी खिडकी बी न्हवती."

त्याला आणखी बोलायचं होतं, पण खोकल्यानं तो टेबलावर ओणवा झाला. मामा पुढच्या टेबलाकडं वळला. मुख्याध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांचा अपमान झाला. भावाला घरी न्या." मागं मामाच्या सत्काराच्या टाळ्या वाजत होत्या आणि मी दादाला धरून फाटकाबाहेर काढत होते.

दिवाळीच्या आधी दादा गेला. दहाव्याला मामा आला, चार माणसांत डोळे पुसले, पंगतीला बसला. आईनं पहिलं ताट त्याला वाढलं.

"आई, पहिलं ताट त्याला?" ती आत आल्यावर मी विचारलं.

"मग काय उठवू व्हय त्याला पानावरनं?"

मी त्या दिवशी जेवले नाही. आईकडं अजून जाते, तिची औषधं नेऊन देते. उंबऱ्यातूनच परत फिरते.