आलुबुखाऱ्याचं तोडलेलं पाणी

आमच्या घरात लिहिण्याचं काम फॉर्म भरण्यापुरतंच. कॉलेजात जाणारा मी पहिलाच. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी अकोल्याला शेतीचं शिकतो. घर भातकुलीजवळ. पहिल्या वर्षी सहलीला गेलो, तेव्हा एका रोपवाटिकेतून आलुबुखाऱ्याचं कलम आणलं. कमी थंडीतही फळतं, असं तिथल्या माणसानं सांगितलं होतं. बाबांनी परसातलं चांगलं फळतं लिंबू काढून त्याला जागा दिली. झाड वाढलं, पण तिसऱ्या वर्षीही फूल नाही. शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "काय गा, काश्मीर फुललं का?"

डिसेंबरात बाबांचा फोन आला. "संत्र्याले ताण देऊन राहिलो. याचंबी पाणी तोडू काय? बहर येईन."

संत्र्याचं पाणी तोडून झाड सुकवायचं, मग पाणी सोडून बहर आणायचा, ही आमच्याकडची रीत. आलुबुखाऱ्याचं मला माहीत नव्हतं. तसं म्हणायची लाज वाटली. "तोडा," म्हणालो.

जानेवारीत धीर करून कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "त्याला थंडी लागते, ताण नाही. एवढं लहान झाड मरेल."

तरी मी चार दिवस फोन केला नाही. परीक्षा आहे, असं स्वतःला सांगत राहिलो. पाचव्या दिवशी लावला. "बाबा, मले माहीत नव्हतं. उगाच हो म्हटलं. आजच पाणी द्या."

बाबा म्हणाले, "फांद्या वाळल्या गा. पेपर कसे गेले?"

त्यानंतर रोज आईला फोन. "नखानं साल खरवडून पाह्य. आत हिरवी हाय काय?"

"कोरडीच हाय बाबू."

फेब्रुवारीच्या शेवटी तीच म्हणाली, "फुटलं तुयं झाड."

मी विचारलं, फूट कलमाच्या जोडाच्या वर आहे की खाली? वर असेल तर आलुबुखारा जगला; खाली असेल तर उरला नुसता, कलम ज्यावर बांधलेलं तो रानटी खुंट. आईला सांगता येईना. "बाबा वावरातून आले का पाहाले लावतो."

फोन आला तेव्हा मी मेसच्या रांगेत होतो. रांग सोडून बाहेर आलो. बाबाच होते.

"खालून हाय," ते म्हणाले. "वरचं गेलं. खुंट ठेवला मी. त्याच्यावर कलम कशाचं बांधाचं, ते सरले इचार. मंग मले सांग."