रंग फासलेली सल्मा

उत्तर आफ्रिकेतल्या गाबेस शहराच्या सार्वजनिक वाचनालयात मबरूका बावीस वर्षं बालविभाग सांभाळत होती. शांत बाई. पोरांनी पानं फाडली तरी तिचा आवाज चढायचा नाही. पुस्तकांचा नवा गठ्ठा आला की मात्र तिच्या हातांना दम निघायचा नाही. शब्द नंतर, आधी चित्रं. आपल्यासारखं काळं, दाट कुरळ्या केसांचं पोर कुठे दिसतंय का, ते ती बघायची. दिसायचं, नाही असं नाही. कधी घागर धरून उभा राहिलेला नोकर, कधी विहिरीतला राक्षस. एका पुस्तकात तर चोरांच्या अख्ख्या टोळीत तेवढाच एक काळा होता. असलं काही हाती लागलं की ती पुस्तक मिटून नळावर जायची आणि हात धुवायची.

दरवर्षी स्वतःची रजा टाकून ती राजधानीतल्या ग्रंथजत्रेला जायची. "काळी मुलगी नायिका असलेलं काही आहे का हो?"

"आफ्रिकेच्या लोककथा आहेत की!" एका विक्रेत्याने सांगितलं.

"मी आफ्रिकेतच राहते, भाऊ. तुम्हीही."

तो खो खो हसला होता.

एका वसंतात वरून पत्र आलं. सुट्टीत 'सगळ्या रंगांची मुलं' असा सप्ताह साजरा करायचा. पुस्तकं आणि चित्रपट राजधानीतले एक प्रकाशक आणतील. बालविभागाने पाहून पसंतीची सही करायची. मबरूकाने बहिणीला फोन करून ते पत्र अक्षरन् अक्षर वाचून दाखवलं.

प्रकाशक सी निज़ार, म्हणजे निज़ारसाहेब, आले. मऊ हातांचे, अत्तराचा घमघमाट सुटलेले. "लल्ला मबरूका, खास तुमच्यासाठी," असं अदबीने म्हणत त्यांनी खोकं उघडलं. सगळ्यात वरच्या पुस्तकावर दीपगृहवाल्याची मुलगी सल्मा होडीत उभी होती. काळी, लाल झग्यातली, हसरी. मबरूकाचा ऊर भरून आला.

चौथ्या पानावर ओळ होती: 'वाऱ्याने सल्माचे दुधासारखे गाल लाल झाले.' तिने ती परत वाचली. नवव्या पानावर सल्माची सोनेरी वेणी सुटली. मबरूका उठली, कपाटातून त्याच प्रकाशकाचं दहा वर्षांपूर्वीचं एक पुस्तक काढलं आणि शेजारी ठेवलं. तीच होडी, तोच झगा, तेच हसू. नव्यात तोंडाला आणि हातांना तेवढा तपकिरी रंग दिला होता. शेवटच्या चित्रात डावा पाय गोराच राहिला होता.

तिने ते पान प्रकाशकापुढे धरलं.

"सी निज़ार, हे काय आहे?"

"विविधता."

"तुम्ही जुन्या पोरीला रंग फासलाय. आणि एक पाय विसरलात."

निज़ारनी चष्मा लावून पाहिलं. "छपाईतली चूक. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"काय दुरुस्त कराल? पाय?"

वाचनालयाचे प्रमुख सी हेदी मध्ये पडले. "ताणू नकोस गं मबरूका. इतकी वर्षं तूच मागत होतीस ना? दारात आलंय, तर घे."

"दुसऱ्याचं उष्टं नव्या ताटात वाढलं म्हणून ताजं होतं का, साहेब?"

तिने सही केली नाही. पण चित्रपटाचं आमंत्रण शाळांना आधीच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसेक पोरं वाचनालयाच्या सभागृहात दाटीवाटीने बसली. पुढच्याच रांगेत आठ वर्षांची रीम होती, मबरूकाच्याच गल्लीतली, तिच्याच रंगाची.

पडद्यावर काळी राजकन्या आली. बाप मेल्यावर ती रडली, तसा आसवांसरशी तिच्या गालावर पांढरा ओघळ उमटला.

"रंग जातोय, रंग जातोय!" मागून एक पोरगा ओरडला. हशा पिकला. रीमच्या शेजारच्या मुलीने बोट थुंकीने ओलं केलं आणि रीमच्या गालावर घासलं. "बघू, हिचा जातो का."

रीम रडली नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मबरूकाने भिंतीतली प्रोजेक्टरची वायर उपटली आणि दिवे लावले.

"अहो, मुलांना मजा येत होती!" निज़ार उसळले. "तुम्हा लोकांना काहीही द्या, कमीच."

"तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला? बोला ना. पोरं ऐकतायत."

निज़ारनी घड्याळात पाहिलं.

सही शेवटी हेदींनीच केली. पुस्तकं कपाटात लागली, वर्तमानपत्रात फोटो आला आणि मबरूकाची बदली तळघरात, फाटकी पुस्तकं शिवायच्या खोलीत झाली. ती भांडली नाही. "तिथे निदान अत्तराचा वास येत नाही," असं बहिणीला म्हणाली.

शोध थांबला नाही. शरद ऋतूत दूझ गावच्या एका शिक्षिकेने स्वतः काढलेलं, पिना मारलेलं चाळीस पानी पुस्तक तिला मिळालं. त्यातली नायिका नूर चित्रांत काळी होती आणि कबुतरं पाळायची. मबरूकाने तीन प्रती घेतल्या, एक रीमला दिली.

"मुलगी बरी नाही, खाला," तीन दिवसांनी रीमने सांगितलं. "सारखी खोटं बोलते. मी असते तर कबुतर विकलंच नसतं."

अर्धा तास ती नूरच्या चुका मोजत बसली. रंगाचा विषय निघालाच नाही.

मबरूकाने ते पुस्तक वाचनालयाने घ्यावं म्हणून रीतसर अर्ज केला. महिन्याने उत्तर आलं: 'नायिका काळी असल्याचा मजकुरात कुठेही उल्लेख नाही. सबब पुस्तक विविधतेच्या यादीत बसत नाही.'

कागदाचा बोळा करून तिने तो टोपलीत टाकला. मग उरलेल्या दोन प्रती जाड पुठ्ठ्यात नीट शिवल्या, जिना चढून वर गेली आणि हेदींच्या डोळ्यांदेखत बालविभागाच्या कपाटात लावून आली. वाचनालयाचा शिक्का न मारता.